तुमच्या घरची भाषा

४ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं, इथंच घोडं अडलं. तुम्ही वयानं लहान, तेव्हा आशीर्वाद लिहायला हवा. पण तो तुम्ही ठेवून घ्याल की पाकिटासकट परत धाडाल, कोण जाणे. म्हणून नुसतं 'भाऊजी' लिहिलंय. पुढचं तुमच्या मनाला येईल ते जोडून घ्या.

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असेल. सगळा जन्म पोस्टात गेलाय तुमचा, त्यातून माझं अक्षर म्हणजे पावसात भिजलेल्या कोंबड्या. या वेळी जास्तच वाकडं आहे, कारण मनगटाला जरा लागलंय. कपाटाचं दार लागलं. ते असो.

तुमच्या दादांना अर्धांगाचा झटका आला. खुर्ची विणायला बसले होते, हातातून वेत गळला आणि ते त्याच्यावरच कलंडले. दवाखाना झाला, आता घरी आणलंय. उजवा हात लोंबतो. पाय ओढत मोरीपर्यंत जातात. जीव वाचला म्हणायचं.

पण लिहायचं आहे ते दुसरंच. आधी बरेच दिवस त्यांना बोलताच येत नव्हतं. मग एका दुपारी मी तांदूळ निवडत होते तर आतून आवाज आला. मी सूप टाकून पळाले. भाऊजी, ते बोलत होते, चांगलं घडाघडा बोलत होते. पण तुमच्या घरच्या भाषेत.

त्यांनी ती भाषा कशी सोडली ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या घरात ती कधी आली नाही. झोपेत बरळायचे तेसुद्धा माझ्या भाषेत. आता माझी भाषा गेली आणि ती आली. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला, त्यात एक जागा काळी पडलीय. म्हणाले, लहानपणीचं तेवढं राहिलं, नंतर शिकलेलं पुसलं गेलं. मी म्हटलं, "अहो, पण चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा." तर म्हणाले, "आजी, मेंदूला संसार कळत नाही."

मी बोलले की माझ्या तोंडाकडं बघत राहतात. लग्नानंतरच्या त्या थोड्या दिवसांत तुमच्या आईसमोर मी बसायचे ना, तशी. मान मात्र हलवतात. चहा हवा का, हो. चहा नको का, तरी हो. मला तर एकच भाषा येते, तुम्हाला माहीत आहे. दुकानात गिऱ्हाईक कुठलंही येवो, त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलणारे हे. मी मागं बसून वेत ओढणारी. बाहेरचं बोलायला नवरा आहे, मग आपण कशाला जीभ झिजवा, असं करत म्हातारी झाले.

तुमच्या पुतण्यालाही ती भाषा येत नाही. शिकवली कुणी? तो म्हणतो, मोबाइलवर जगातल्या भाषा आहेत. त्यानं शोधलं. तुमची नाही. चार खेड्यांत बोलतात ती भाषा, मोबाइलवाल्याला काय पडलंय.

पोरगा म्हणतो, बाबांना अशा आजाऱ्यांना सांभाळतात त्या केंद्रात ठेवू. तिथं आजाऱ्याबरोबर घरच्या माणसाला राहता येत नाही, रविवारी भेटायचं. आणि मी त्याच्याकडं जायचं. तो वाईट नाही हो. दमलाय. पण भाऊजी, या वयात आम्हाला दोन घरी ठेवू नको रे, असं मी त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "आई, एका घरात राहून तरी काय? तुला त्यांचं कळत नाही, त्यांना तुझं नाही."

तुम्ही या. दोन दिवस या. त्यांना तुमच्या भाषेत एवढंच विचारा, कुठं राहायचंय. ते जे म्हणतील ते पोरगा ऐकेल. मीही ऐकेन.

वहिनी

१५ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं नसेल असं धरून चालते. पोस्टातल्या माणसाचं पत्र पोस्टात हरवलं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण मला तेच बरं वाटतंय.

इकडचं सांगते. बोलायला शिकवणारी एक मुलगी येते आठवड्यातून दोनदा. गोड आहे. चित्रांचे पत्ते आणते, मांजर, छत्री, गाडी. एकेक पत्ता यांच्यापुढं धरते आणि माझ्या भाषेत नाव घेते. हे बघतात आणि खिडकीकडं तोंड करतात. परवा तिनं खुर्चीचा पत्ता धरला. यांनी तो डाव्या हातानं ओढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बोट फिरवत बसले. मुलगी म्हणाली, "आजोबा, चित्र इकडं आहे." मला हसू आवरेना. म्हटलं, "अगं, त्यांना चित्राशी काय देणंघेणं? खुर्ची दिसली की हा माणूस आधी तिचं पोट बघतो. वरून कुणीही चांगलं विणेल, खालच्या गाठी बघायच्या असतात."

ती म्हणाली, "हे मला लिहून घ्यायला हवं." आणि खरंच लिहून घेतलं. काय कामाला येणार आहे तिच्या, देव जाणे.

काम बंदच आहे. एका शाळेच्या हॉलच्या खुर्च्या घेतल्या होत्या, त्या भिंतीशी रचून ठेवल्यात, बुडं फाटलेल्या. एकटीनं होतं थोडंफार, पण आमची सवय दोघांची. खुर्ची चौकटीत आडवी लावायची, ते वरच्या अंगाला, मी खालच्या. ते भोकातून वेत सोडणार, मी खालून घेऊन शेजारच्या भोकातून वर देणार. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. "घेतलंस?" "घेतलं." याच्यापलीकडं बोलणं नाही. लोक म्हणायचे, तुम्हा नवराबायकोचं पटतं कसं? हे म्हणायचे, "मध्ये खुर्ची आहे म्हणून."

लिहायला तरी मी कुठं शिकले माहीत आहे? जुन्या कोचांच्या गादीत कागद भरलेले असायचे, रद्दी पेपर. ते उसवताना हे एकेक अक्षर दाखवायचे. स्वतः नवी भाषा शिकत होते आणि मला माझीच शिकवत होते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. ते एक शब्द ओरडतात. दिवसातून कितीदा तरी. आधी साधाच म्हणतात, मग वाट बघतात, मग मोठ्यानं, मग रागानं, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. मी पाणी देते, ढकलतात. उशी देते, फेकतात. शेवटी रडतात. तुमच्या भाषेत तो शब्द काय आहे मला ठाऊक नाही. इथं लिहिणार होते, पण ती शिवी असली तर? पत्र तुमच्या घरच्या बायका उघडतील. तुमच्या आईच्या तोंडून मी तुमची भाषा ऐकली ती रागातच, त्यामुळं मला त्या भाषेतलं सगळं शिवीसारखंच वाटतं. राग मानू नका.

ऐकायलाच या. लांब आहे, गाडीत रात्र जाते, सगळं मान्य. पण या.

वहिनी

२८ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड आलं. उघडं कार्ड पाठवलंत, म्हणजे पोस्टमननंही वाचलं, खालच्या शिंप्यानंही वाचलं आणि मग ते माझ्यापर्यंत पोचलं. शिंपी म्हणाला, "मावशी, तुमचा दीर फार कडक लिहितो हो."

'दादानं भाषा स्वतःहून टाकली होती. आता ती आली असेल तर त्याची त्यानं निस्तरावी. माझं काय काम?'

बरं. आता माझं ऐका. मी तुमच्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा ऐकून घ्यावंच लागेल, पटलं नाही तर कार्ड पाठवा पुन्हा.

तुमच्या आईनं म्हटलं होतं, त्या पोरीची बोली माझ्या उंबऱ्याच्या आत नको. हे म्हणाले, मग तुझी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. दोघंही एकाच मातीचे. मी मध्ये काही बोलले नव्हते, बोलायला मला कळलं पाहिजे ना! मी बाहेर ओट्यावर पिशवी धरून उभी होते, आणि हे बाहेर आले ते 'चल' म्हणून. काय झालं ते मला पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं.

आई गेली तेव्हाचंही तसंच. तुम्ही त्यांना काही विचारलंत, त्यांनी माझ्या भाषेत उत्तर दिलं आणि सगळं घर माझ्याकडं वळून बघायला लागलं. मला वाटलं, माझा पदर कुठं लागलाय की काय. तुम्ही ओरडलात. परत येताना गाडीत यांनी सांगितलं, तुम्ही विचारलं होतं, 'आईला काही सांगायचंय का?' आणि ते 'नाही' म्हणाले, तेही माझ्या भाषेत. तुम्ही म्हणालात, माझा भाऊ आईबरोबर गेला.

चुकले ते. मेलेल्या माणसापुढं हट्ट मिरवायचा नसतो. मी त्यांना गाडीतच तसं म्हटलं होतं. स्टेशन आलं तेव्हा ते म्हणाले, "तोंड उघडलं असतं तर तीच भाषा आली असती आणि मला थांबता आलं नसतं." मला तेव्हा ते नीट कळलं नाही. आता थोडं कळतंय. तुम्हाला कळतंय का बघा.

भाऊजी, मी थकले. हे मी कुणाला सांगत नाही, शेजारीपाजारी तर मुळीच नाही, त्यांच्यापुढं मी पदर खोचून हिंडते. त्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं, याचा थकवा नाही येत. बायकांची हाडं त्यासाठीच असतात. थकवा येतो तो दिवसभर हातवारे करून. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, दिवसभर मी भिंतीशी बोलले, आणि भिंत माझ्याशी रडली.

आणि मनगटाचं. दार लागलं नव्हतं. काठी मारली त्यांनी. मी त्या शब्दाला 'काय हो, काय हवं' करत जवळ गेले तेव्हा. पोरानं परवा निळं झालेलं बघितलं आणि केंद्रात फोन लावला. पुढच्या महिनाअखेर जागा होतेय. त्याच्या मनानं ठरलंय.

मी तुम्हाला क्षमा मागायला बोलवत नाही. द्यायलाही बोलवत नाही. ते तुम्हा दोघा भावांचं, तुमच्याच भाषेत काय ते मिटवा नाहीतर वाढवा, मला कळणार नाही, तुम्ही निर्धास्त असा. मला एकच प्रश्न विचारून हवाय. त्यांना बायकोपासून लांब नेऊन ठेवायचं ठरतंय आणि त्यांना ते माहीतसुद्धा नाही. जनावर विकतानासुद्धा त्याच्या पाठीवरून हात फिरवून सांगतात हो.

वहिनी

१४ मार्च

भाऊजी,

सुखरूप पोचलात ना? डबा गाडीत उघडलात की तसाच घरी नेलात? तसाच नेला असणार. तुम्ही भाऊ भाऊ सारखेच, दुसऱ्याच्या हातचं उघडायला लाजता.

तुम्ही गेल्यापासून तुम्ही आलात तो क्षण मी मनात घोळवतेय. तुम्हाला आतलं दिसत नव्हतं, मला दोन्हीकडचं दिसत होतं, म्हणून सांगते.

तुम्ही दारात उभे. चपला पायात, पिशवी खांद्यावर. "पाणी नको, वहिनी. बघतो आणि निघतो, परतीचं तिकीट काढलंय." माझ्या भाषेत, शुद्ध. मी बाजूला झाले, पण तुमचा पाय काही उंबरा ओलांडेना. मी म्हणणार होते, अहो, मी आहे म्हणून का, मी बाहेर उभी राहते. तेवढ्यात आतून यांनी तो शब्द टाकला, रोजच्यासारखा. आणि तुम्ही दारातूनच एक शब्द परत टाकलात. तुमच्या तोंडातून तो आला तेव्हा तुमचं लक्षच नव्हतं, माझ्याकडं बघत होतात. आत एकदम गप्प. मग यांचा श्वास ऐकू आला, असा लांब, पोतं खाली ठेवल्यासारखा.

तुमचा चेहरा पांढरा पडला होता, भाऊजी. मी विचारलं, "शिवी आहे का?" तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि चपला पायातच ठेवून सांगितलंत. शिवी कसली! 'घेतलंस का' असं विचारतायत. तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकताना दादा वर आणि तुम्ही चौकटीखाली. खालून 'घेतलं' आल्याशिवाय ओढायचं नाही, ओल्या वेताची धार खालच्याची बोटं कापते. वडिलांनी मारून मारून ते अंगात भिनवलं होतं तुमच्या.

म्हणजे जो शब्द मी चाळीस वर्षं माझ्या भाषेत ऐकत आले, तोच. रोज शंभरदा ज्याला उत्तर दिलं, तोच. आणि दोन महिने मी त्याला उशा देत होते.

ते मनगटावर मारलं तेही माझी बोटं वाचवायला, असं तुम्ही म्हणालात. चांगल्या मनानं म्हणालात. पण तसं नव्हतं. चिडूनच मारलं होतं. माणूस चिडतो. त्याला कशाला मुलामा द्या?

मग तुम्ही आत गेलात. मी चहा टाकला आणि ओट्याशीच उभी राहिले. तुम्ही दोघं बोलत होतात. बोलत कसले, कुठं हसू, कुठं हुंदका, कुठं दोघंही एकदम. यांचं ते हसणं मी याआधी ऐकलं नव्हतं. माझ्या भाषेत ते वेगळं हसायचे, जरा जपून, पाहुण्याच्या घरी हसावं तसं. चहा उतू गेला. तुम्हाला सांगायला हरकत नाही आता, मला त्या वेळी तुमचा फार राग आला. हा माझा नवरा, हे माझं घर, आणि स्वयंपाकघरात मी पाहुणी.

माझा प्रश्न तुम्ही विचारलात. तीनदा विचारलात, निरनिराळ्या तऱ्हेनं, ते मला तुमच्या आवाजावरून कळलं. आणि खोटं सांगितलं नाहीत हे तुमचे उपकार. तुम्ही सहज म्हणू शकला असता, दादा म्हणतो मला तुझ्याकडं ने. किंवा म्हणतो, मला हिच्याजवळ राहू दे. मी दोन्हींवर विश्वास ठेवला असता, मला काय कळणार होतं? तुम्ही म्हणालात, "वहिनी, तो म्हणतो वेत वाळतोय, पाणी मारा. तो म्हणतो आई विहिरीवर गेलीय. कुठं राहायचं ते त्याला विचारून उपयोग नाही. तो आत्ता इथं नाहीच."

पोरगा शेजारी होता. त्यानंही ऐकलं. केंद्राला फोन करून महिनाभर थांबा म्हणाला. तेवढं तुमच्या येण्यानं झालं.

तुम्ही शिकवून गेलात तो शब्द मी वापरते. ते 'घेतलंस का' म्हणाले की मी तुमच्या भाषेत 'घेतलं' म्हणते. 'वहिनी, तुमच्या तोंडात लंगडतो तो शब्द' म्हणून तुम्ही हसलात, पण लंगडत का होईना, पोचतो. आता ओरडत नाहीत. काल एक खुर्ची चौकटीत आडवी लावून त्यांना वरच्या अंगाला बसवलं. डाव्या हातानं वेताचं टोक भोकात घालायला त्यांना फार वेळ लागला. मी खाली पडून वाट बघितली. एक ओळ झाली, वाकडी, उसवून पुन्हा करावी लागेल अशी. शाळेला कशी द्यायची? ठेवून दिली.

पण बाकीचं बोलतात ते मला कळत नाहीच. पोट दुखतं म्हणतात की आई हवी म्हणतात, ते कळत नाही. एका शब्दावर माणूस सांभाळता येत नाही, भाऊजी. हे पोरगा बोलत नाही, मीच म्हणते.

वहिनी

२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. या वेळी पाकिटात घातलंत, शिंपी हिरमुसला.

दोनदा वाचलं. दादाला आमच्याकडं पाठवा, म्हणता. घरात सगळे तीच भाषा बोलतात, शेजारी बोलतात, रस्त्यावरची पोरं बोलतात, त्याला बरं वाटेल. बरोबर आहे. माझ्याही मनात तेच येत होतं, तुम्ही बोलून दाखवलंत इतकंच. आणि पुढं लिहिता, वहिनी, तुम्ही मुलाकडं राहा. इथं तुम्हाला करमायचं नाही, बायकोला तुमची भाषा येत नाही, सुनांना येत नाही, मी दिवसभर बाहेर. तुमची फार कुचंबणा होईल.

काळजीनं लिहिलंय, कळतं मला. पण म्हणजे तुम्ही आणि पोरगा मिळून तेच करताय की! केंद्राच्या जागी तुमचं घर, एवढाच फरक. रविवारच्या जागी दिवाळी म्हणा, वर्षातून एकदा.

मी येतेय.

पोराशी बोलले. तो म्हणाला, "आई, तू तिथं करशील काय? बोलशील कुणाशी?" मी म्हटलं, "तुझे बाबा इथं आले तेव्हा कुणाशी बोलत होते?" तो म्हणाला, "ते तरुण होते. ते शिकले. तू या वयात शिकणार आहेस?" मी म्हटलं, नाही.

खरंच नाही, भाऊजी. तुम्हालाही आधीच सांगून ठेवते म्हणजे अपेक्षा नको. तुम्ही गेल्यावर मी प्रयत्न केला. ती चित्रवाली मुलगी आता तुमच्या दादांकडून तुमचे शब्द ऐकून लिहून घेते आणि मला म्हणून दाखवते. माझ्या तोंडात काही बसत नाही. नवी कवळी टोचते तशी ती भाषा टोचते, आणि काढून ठेवली की दुसऱ्या दिवशी कुठं ठेवली ते आठवत नाही. दोन-चार शब्द येतील, पाणी, जेवण, दुखतंय. तेवढ्यावर बाळ जगतं, मीही जगेन. पण गप्पा मारता येतील असं काही होणार नाही. मी एका भाषेची बाई, तशीच येणार.

जाऊबाईंना सांगा, घाबरू नका. मी भांडी घासताना पुटपुटते, ती सवय आहे, त्यांच्यावर बोलत नाही. आणि बोलले तरी त्यांना कळणार नाही, त्या बोलल्या तर मला कळणार नाही. दोन जावा इतक्या गुण्यागोविंदानं नांदल्याचं तुमच्या गावानं बघितलं नसेल. मला कोपरा द्या, उजेडाचा. खाली बसता आलं पाहिजे आणि यांचं अंथरूण दिसलं पाहिजे. आणखी काही नको.

आणि एक. मी कधी चारचौघांत विचारलं की काय म्हणाले, काय म्हणाले, तर लगेच उलगडून सांगत बसू नका. सगळे माझ्यासाठी थांबतात आणि मग हसायचं ते हसू निघून जातं. तुम्ही हसा. मी तोंडं बघत बसेन. तुमच्या आईपुढं तशीच बसायचे, तेव्हा वय नव्हतं, जीव घुसमटायचा. आता वय आहे.

तुमचे दादा इतकी वर्षं माझ्या भाषेत राहिले. ते त्यांना जड जातं का, हलकं जातं, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही, माणूस हवेचा विचार करतो का? परवा त्यांना झोपलेलं बघत होते तेव्हा आला. उत्तर आता ते देऊ शकत नाहीत. तुमच्याकडं येऊन राहिले की मला माझं कळेल, त्यातून त्यांचं थोडं कळेल. या वयात नवऱ्याची नवी ओळख व्हायची म्हणजे लोक हसतील, पण होऊ दे.

शाळेच्या खुर्च्या परत दिल्या, तशाच, फाटक्या बुडांच्या. शाळेचा शिपाई वाईट वाटून म्हणाला, "मावशी, आता दुसरा कुणी शोधावा लागणार." म्हटलं, "शोधा बाबा." खोली पंधरा तारखेला सोडतोय. चौकट पोरानं ठेवून घेतली, त्याला ती काय कामाची हे त्यालाही माहीत नाही. गाडीत बसवून द्यायला तो येणार आहे, पण बरोबर नाही, त्याला रजा नाही. यांची चाकाची खुर्ची डब्यात चढवायला इथं माणसं आहेत. यांना खिडकीशी बसवीन, म्हणजे तुमच्या भागातली माणसं गाडीत चढायला लागली की त्यांना बोलणं ऐकू येईल.

सोळा तारखेला सकाळी पोचू. स्टेशनवर तुम्हीच या, मुलांना पाठवू नका, त्यांनी मला बघितलेलं नाही. पाट्या मला वाचता यायच्या नाहीत, तुमची लिपी वेगळी, तेव्हा कुठलं स्टेशन आलं ते मला कळणार नाही. यांना कळलं तर ते सांगतील, पण मला समजायचं नाही. म्हणून डब्याच्या दारात येऊन मोठ्यानं 'वहिनी' म्हणून हाक मारा, माझ्या भाषेत. गाडीला उशीर झाला तरी तिथून हलू नका. मला तिथं कुणाला काही विचारता येणार नाही.

तुमची,
वहिनी